पेपरला कितवा महिना?

सरांचा आवाज असा होता की घाटकोपरच्या लेबर रूममध्ये ते "जोर लाव गं" म्हणाले की मानखुर्दपर्यंतच्या दोन-चार बाया उगाचच बाळंत होऊन जायच्या. हे मी पदरचं सांगत नाही. थोडं पदरचं आहे, पण निम्म्या वाटेपर्यंत तरी तो आवाज जायचा याला माझ्याकडे साक्षीदार आहेत, आणि त्यातले काही त्या आवाजानेच जन्माला आलेले आहेत.

बुटके, रुंद, डोक्यावर एक केस नाही, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर एक, उजव्या हातावर एक. त्यांना किती वाजले विचारण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करायचा. सर आधी डावा हात डोळ्यांसमोर धरणार, मग उजवा, मग पुन्हा डावा, आणि मग निकाल जाहीर करणार : "डावीकडे सव्वादहा. उजवीकडे सव्वादहा. एकमत आहे. सव्वादहा." तोवर दहा वाजून सतरा मिनिटं झालेली असायची. आम्ही म्हणायचो, म्हातारा चक्रम आहे. विभागप्रमुख चक्रम असला तर त्याला अभ्यासू म्हणायची पद्धत आहे, म्हणून तोंडावर अभ्यासू म्हणायचो.

उपनगरातल्या त्या हॉस्पिटलात मी स्त्रीरोग विभागात करारावर लागले. अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. माझी आई सिंधुदुर्गातून लग्न करून इथे आली त्याला जन्म लोटला, पण तिच्या जिभेने अजून घाट ओलांडलेला नाही. ती मला म्हणायची, "तुझो बापूस गिरणीत बदलीवर, तू इस्पितळात बदलीवर. एवढा शिकान उपेग काय झालो गो?"

उपयोग व्हायचा तर संशोधनाचे पेपर छापून यायला हवे होते. आमच्या धंद्यात डॉक्टरने किती बाया सुखरूप सोडवल्या हे कुणी विचारत नाही, तुमचे पेपर किती हे विचारतात. आणि पेपर झाले की पुढचा प्रश्न, सायटेशन किती? म्हणजे तुमच्या पेपरचा हवाला दुसऱ्या किती जणांनी आपापल्या पेपरांत दिला. लग्नपत्रिकेत खाली बारीक अक्षरात काका-मामांची नावं असतात ना, तसंच हे. ज्याचं नाव जास्त पत्रिकांत, तो मोठा माणूस. मग तो लग्नाला आला होता की नाही, हे कोण बघतं.

मी रुजू झाल्यावर तीन आठवड्यांत एक पेपर लिहून सरांच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं, खूश होतील. सरांनी पहिलं पान पाहिलं, चष्मा काढला आणि त्या आवाजात, दार सताड उघडं असताना विचारलं, "दिवस कधी गेले?"

बाहेर ओपीडीची अख्खी रांग बसलेली. माझं लग्न होऊन चार महिने झालेले.

"नाही हो सर, माझे नाही..."

"तुझे नाही गं, पेपरचे. हा पोटात कधी राहिला?"

"तीन आठवडे झाले, सर."

"तीन आठवडे? अगं हा गर्भसुद्धा नाही, ही नुसती शंका आहे. ठेव पोटात. नऊ महिन्यांनी ये."

हा त्यांचा नियम. नऊ महिन्यांच्या आत बाहेर पडलेला पेपर म्हणजे अपुऱ्या दिवसांचा, तो काचेच्या पेटीत ठेवावा लागतो आणि त्याच्या आईला रात्रीची झोप लागत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. संशोधनाचा विचार सुचला त्या दिवशी दिवस गेले असं धरायचं. तिसऱ्या महिन्यात पहिली तपासणी. त्यात एकच प्रश्न : "तुला हा हवाय, की फक्त बढती हवीये?" पाचव्यात, "हालचाल जाणवते का?" म्हणजे लिहिताना तुला स्वतःला काही नवीन सुचलं का. आणि सातव्यात डोहाळजेवण. यात माझी एक काडीचीही भर नाही. लेखकाला खुर्चीत बसवायचं, कँटीनचे बटाटेवडे आणायचे, आणि समोर दोन वाट्या उपड्या मांडायच्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. घराघरांतल्या डोहाळजेवणात पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. सरांकडे पेढा म्हणजे संशोधनात फरक दिसणार, बर्फी म्हणजे काहीही फरक दिसणार नाही. वाटी उचलायच्या आधी ते दरवेळी दरडावून सांगायचे, "दोन्ही सारखेच गोड आहेत. तोंड वाकडं करायचं नाही."

एकदा आमचा एक दाढीवाला, सहा फुटी शिकाऊ डॉक्टर कॉरिडॉरमधून चालला होता. सर लांबून गरजले, "काय रे, तुला कितवा?"

"सातवा सर, पण अजून काही जाणवत नाही."

शेजारच्या बाकावर एका पेशंटची सासू बसली होती. ती उठली, सुनेचा हात धरला आणि दुसऱ्या हॉस्पिटलात निघून गेली.

माझा बॅचमेट नितीन अंधेरीच्या एका खासगी कॉलेजात होता. पार्ल्याला पूर्वी हवेत बिस्किटांचा वास यायचा म्हणतात, तसा अंधेरीला नितीनच्या पेपरांचा यायचा. सकाळी सुचला, दुपारी लिहिला, संध्याकाळी पाठवला. प्रत्येक पेपरात तो आपल्याच जुन्या पेपरांचा हवाला द्यायचा, त्यामुळे त्याची सायटेशनं घरच्या घरी वाढायची, कुंडीतल्या पुदिन्यासारखी. भेटला की म्हणायचा, "तुझा म्हातारा अंडी उबवतो का गं? सोड यार. आमच्याकडे ये."

आता गंमत बघा. दर आठवड्याला पेपर पाडणाऱ्या या नितीनपेक्षा आमच्या सरांची सायटेशनं कितीतरी जास्त. आणि ती सगळी एका पेपरची. सर तरुण असताना त्यांनी लिहिलं होतं की कळा सुरू झाल्यावर बाईला चालतं-फिरतं ठेवलं तर ती पडून राहिलेल्या बाईपेक्षा तासभर लवकर सुटते. हा पेपर जगभर गेला. पाठ्यपुस्तकात गेला, भिंतीवरच्या पोस्टरांत गेला. सरांच्या फोनवर अधूनमधून टिंग वाजायचं, की अमक्या देशातल्या तमक्याने तुमचा हवाला दिला. दुसरा कुणी असता तर त्याने प्रत्येक टिंगला पार्टी दिली असती. सरांचं तोंड मात्र गावाकडून वाईट बातमीचा फोन यावा तसं व्हायचं. त्या दिवशी चहा बंद. दार लावून घ्यायचे आणि एका बोटाने ज्याने हवाला दिला त्याला मेल टाईप करत बसायचे. काय लिहायचे, आम्हाला माहीत नव्हतं. आभार मानत असतील, असं आम्ही समजायचो. माझी सरांवरची सगळ्यात मोठी चीड हीच होती. स्वतः एका पेपराच्या जोरावर खुर्चीत बसायचं आणि आम्हाला नऊ-नऊ महिने अवघडून ठेवायचं.

मग आली चिक्की.

आमच्या ओपीडीत येणाऱ्या गरोदर बायांची वजनं वाढता वाढायची नाहीत. जवळच्याच वस्तीतला एक महिला गट शेंगदाण्याची चिक्की करायचा. मी ठरवलं, निम्म्या बायांना दर महिन्याला महिनाभराची चिक्की द्यायची, निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या आणि सल्ला, आणि शेवटी वजनं ताडून बघायची. तिसरा महिना झाला, पाचवा झाला, सातव्यात वाटी उचलली तर पेढा निघाला. आणि आकडे मांडले तेव्हा खरोखरच पेढा. चिक्कीवाल्या बाया सरळ दीड किलोने जास्त भरत होत्या. मी तर मनातल्या मनात त्या चिक्कीला मंत्रालयात नेऊन पोहोचवलं.

त्यातच विभागात कायमची एक जागा सुटली. मुलाखतीच्या आधी माझ्या नावावर आणखी एक पेपर स्वीकारलेला असला पाहिजे, अशी अट. ही गेली तर पुढची जागा कधी सुटेल ते वर बसलेल्यालाच ठाऊक. नऊ महिने भरत होते मुलाखतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी. नितीन म्हणाला, "काळजी करू नको, एक जर्नल आहे, आठवड्यात हो म्हणतं. फक्त तुझ्या म्हाताऱ्याची सही आण." आई रोज जेवताना विचारायची, "झालो काय गो तुझो पेपर? एवढ्यात तर माझी दोन बाळंतपणां झाली असती." हिशेब चुकीचा होता, पण मुद्दा बरोबर होता.

मी सरांपुढे सहीसाठी कागद ठेवले.

"नववा लागला?"

"लागला सर. संपतही आला."

"मग नवव्याची तपासणी राहिली. उद्या ओपीडीत वजनकाट्याजवळ बस. दिवसभर. वजन तू घे."

"सर, वजनं सिस्टर घेतात. महिनोन्‌महिने त्याच घेतायत."

"म्हणूनच तू बस. आपलं मूल कुठून बाहेर येतं ते आईने एकदा बघावं."

मला इतका संताप आला की मी त्यांच्या दोन्ही घड्याळांसकट त्यांना काट्यावर चढवलं असतं. पण सही हवी होती. बसले.

पहिली बाई आली. आठवा महिना, घामाघूम, हातात कापडी पिशवी. काट्यावर चढली. पिशवीसकट.

"ताई, पिशवी खाली ठेवा ना."

"खायची वस्तू हाय मॅडम. खाली कशी ठेवू? आत्ताच फिनाईल मारलंय."

"काय आहे पिशवीत?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की डॉक्टरीणबाईंचंच काही बिनसलंय. "तुमचीच चिक्की. आता त्या टेबलावर दिली ना."

मी सिस्टरांकडे वळले. आमच्या सिस्टर वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. बोलणं माशाच्या सुरीसारखं.

"सिस्टर, चिक्की वजनाच्या आधी देता?"

"मग? पहिलं टेबल चिक्कीचं, दुसरं वजनाचं. इलेक्ट्रिक काट्याचा प्लग पलीकडच्या भिंतीला आहे. काटा फिरून इकडे येणार आहे का?"

"आणि पिशवी घेऊनच वजन करता?"

"खाली ठेवली की कोणीतरी उचलून नेतं. एकदा मारामारी झाली इथे. तेव्हापासून मीच सांगते, हातात घट्ट धरा."

"तेव्हापासून म्हणजे कधीपासून?"

"पयल्या म्हैन्यापासून, मॅडम."

मी त्या बाईच्या हातातून पिशवी घेतली आणि एकटी काट्यावर ठेवली. काट्यावर दीड किलो आलं. माझा अख्खा शोध, पेढा, मंत्रालय, कायमची नोकरी, सगळं त्या काट्यावर नीट बसलं होतं आणि वर थोडी जागासुद्धा उरली होती. चिक्की बायांच्या अंगाला लागलीच नव्हती. ती त्यांच्या हातात होती.

"निदान खाता तरी ना तुम्ही ती?" मी विचारलं. आवाज रडवेला झाला असणार, कारण ती बाई मला समजावायला लागली.

"खाते ना. एक तुकडा. घरी तीन पोरं, सासरे. पिशवी उघडली की माझ्या वाट्याला किती राहणार? पण पोरं लई खूश हाईत, मॅडम. तुमचं नाव घेतात."

मी तशीच सरांच्या खोलीत घुसले. दार लावलं नाही. म्हटलं, रोज त्यांचा आवाज मानखुर्दला जातो, आज माझा जाऊ दे.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

पिशवीचं सगळं सांगितलं. सर खुर्चीत मागे टेकले आणि हसू आवरायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. पोट हलत होतं.

"माहीत असतं तर पहिल्याच महिन्यात सांगितलं असतं. नवव्यात काहीतरी निघतं, एवढंच माहीत होतं."

"तीन आठवड्यांवर मुलाखत आहे, सर. करारावर किती वर्षं काढली मी. पेपर लिहून तयार आहे. पिशवीबद्दल मी, तुम्ही आणि सिस्टर सोडून कुणाला कळणारसुद्धा नाही."

मला वाटलं, आता आवाज फुटणार. पण सरांनी पेन काढलं. "आण. सही करतो."

मी कागद दिले, पण एक कोपरा धरून ठेवला.

"सही करतो म्हटलं ना. पाठवायचा की नाही ते तू ठरव. फक्त आधी बस."

मी बसले. त्यांनी दोन्ही मनगटं टेबलावर ठेवली, घड्याळं वर करून, ताईत दाखवावे तशी.

"माझा तो चालण्याचा पेपर. पडून असलेल्या बाया लेबर रूममध्येच असायच्या. त्यांच्या कळा कधी सुरू झाल्या ते लेबर रूमच्या घड्याळावर लिहायचो, मूल कधी झालं तेही त्याच घड्याळावर. चालणाऱ्या बाया कॉरिडॉरमध्ये. त्यांच्या कळांची वेळ कॉरिडॉरच्या घड्याळावर, आणि मूल मात्र आत, लेबर रूमच्या घड्याळावर."

"मग?"

"कॉरिडॉरचं घड्याळ तासभर पुढे होतं."

"बंद पडलेलं?"

"छे गं. मुद्दाम. भेटायला आलेले नातेवाईक वेळेत हलायचे नाहीत, म्हणून तेव्हाच्या सिस्टरांनी काटा तासभर पुढे सरकवून ठेवला होता. सगळ्या स्टाफला ठाऊक. मला सोडून."

मी हसले. खोटं कशाला सांगू, तोंडावर हसले. त्यांचा जगभर गेलेला तासभर, नातेवाईकांना घालवायचा तासभर होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"छापून आल्यावर लगेच. एका बाईचा नवरा भांडायला आला, की अजून तास बाकी असताना बाहेर का काढता. त्याच्या हातावर घड्याळ होतं. माझ्या हातावर तेव्हा नव्हतं."

"मग दुरुस्ती छापायची ना."

"छापली." सर डाव्या घड्याळाची किल्ली उगाचच फिरवायला लागले. "पण लगेच नाही. मध्ये माझी प्रोफेसरची मुलाखत होती. म्हटलं, ती होऊ दे. ती झाली, मी प्रोफेसर झालो, मग दुरुस्ती पाठवली. तोवर पेपर कुठच्या कुठे पोहोचला होता. पेपर सगळे वाचतात, दुरुस्ती कोण वाचतं? तेव्हापासून जो जो हवाला देतो त्याला लिहितो मी, की बाबा रे, ते चूक आहे, खालची दुरुस्ती बघ. एकाने उलट लिहिलं, इतक्या नम्र माणसाचा हवाला पुन्हा द्यायला आवडेल. आणि दिला."

"दुरुस्तीला किती सायटेशनं?"

"एकही नाही."

मी म्हटलं, "सर, चालल्याने कुणाचं वाईट तर होत नाही ना? चालू दे की बाया."

"चालू देत. चांगलंच आहे. पण त्यांना सांगतात, तासभर लवकर सुटशील. मग तो तास उलटतो. माझ्याच लेबर रूममध्ये कळा देणारी बाई माझा हात धरून विचारते, डॉक्टर, मी एवढी चालले, माझं अजून का होत नाही, माझं काय चुकलं? तिला मी काय सांगू? की तुझं काही चुकलं नाही, घड्याळ चुकलं, आणि त्याहून जास्त मी?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. सही झालेली होती. "घे. मुलाखतीला जा. मी जसा गेलो तसा."

असा माणूस असतो का? रागावला असता तर मी भांडले असते. नाही म्हणाला असता तर नितीनकडे गेले असते. सही करून दिली, म्हणजे माझी सगळी दारं लावून घेतली. मी कागद घेऊन बाहेर आले आणि सिस्टरांना म्हटलं, "उद्यापासून आधी वजन, मग चिक्की." सिस्टर म्हणाल्या, "मग दोन टेबलांमध्ये बाया दोनदा चालणार. चालू देत, लवकर सुटतील." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सगळ्या स्टाफला सगळं ठाऊक असतं, हेच खरं.

पेपर पाठवला नाही. मुलाखतीत एक पेपर कमी पडला. जागा दुसऱ्याला गेली. आईला सांगितलं तर तिने साफ करायला घेतलेल्या माशाचं डोकं एका घावात उडवलं आणि म्हणाली, "त्या तुझ्या सरांका एकदा घराक घेऊन ये. माका बघूचो आसा, मेलो दिसता कसो तो." मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "जेवूक." तिच्या आवाजावरून ते जेवण पचलं नसतं.

मी पुन्हा वजनं घ्यायला लागले, या वेळी बायांचे हात रिकामे ठेवून. चिक्कीने काहीच फरक पडत नाही, असा निकाल आला. बर्फी. पोरांना मात्र पडत असणार, पण पोरांना कुणी तोललं नव्हतं. पेपरात मी पिशवीची सगळी हकीकत लिहिली, आणि मोजताना अशा चुका पूर्वीही झाल्या आहेत, असं म्हणून हवाला दिला सरांच्या दुरुस्तीचा. मूळ पेपरचा नाही, मुद्दाम दुरुस्तीचा. सरांना सांगितलं नाही. त्यांना वाचू दे छापलेलं.

बर्फीचा पेपर कोणी घेईना. एका जर्नलने लिहिलं, निष्कर्ष उत्साहवर्धक नाही. दुसऱ्याने लिहिलं, पिशवीचा उल्लेख गाळल्यास विचार करू. नितीन म्हणाला, "तुझा पेपर म्हणजे हुंड्याशिवायची मुलगी आहे गं." दरम्यान सर निवृत्त झाले, मुलुंडला घरी बसले, आणि तिथून दर रविवारी फोन करून विचारायला लागले, "काही हालचाल?" शेवटी एका लहानशा जर्नलने घेतला.

छापून आला त्या सकाळी सरांचा फोन.

"टिंग वाजलं," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की मला वाटलं कुणी दुसरंच बोलतंय. "चालण्याच्या पेपरला आणखी एक हवाला. नाव बघितलं. तुझं आहे. तू पण?"

मी धावत जाऊन जर्नल उघडलं. मी दिली होती दुरुस्ती. छापला होता मूळ पेपर. त्यांच्या कॉम्प्युटरने शहाणपणा केला होता. त्या दुरुस्तीचं नाव जन्मात कुणी घेतलं नव्हतं, तेव्हा मशीनला वाटलं ही बाई चुकली, हिला तो प्रसिद्ध पेपर म्हणायचा असणार. म्हणजे मी एवढी नोकरी घालवून, एवढे महिने अवघडून, सरांच्या चुकीला आणखी एक सायटेशन मिळवून दिलं होतं.

फोनवर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. जर्नलला बोलले, मशीनला बोलले, सरांना बोलले, घाटकोपरच्या त्या जुन्या सिस्टरांच्या घड्याळाला बोलले. मी दम घेतला तेव्हा सर म्हणाले, "म्हणजे तू दुरुस्तीच दिली होतीस?"

"मग काय मी वेडी आहे?"

"बरं. मग दुरुस्ती पाठव."

"पाठवते सर. नऊ महिने पोटात ठेवते, तिसऱ्याला तपासणीला येते, सातव्यात वडे आणा."

आणि मग तो आवाज आला. निवृत्त झाल्यापासून साठवलेला. मुलुंडहून फोन नसता तरी ऐकू आला असता. "नऊ महिने? चूक सापडल्यावर? सिझेरियन! आत्ता. या मिनिटाला. टेबलावर घे."

मी पाठवली. मिनिटात नाही, पण त्या मिनिटाला टायपिंग सुरू केलं. जर्नलने कुरकुर केली, मी रोज लिहून त्यांना हैराण केलं, एका बोटाने, सरांसारखं. शेवटी त्यांनी सुधारून छापलं. आणि एका दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर सरांच्या दुरुस्तीपुढे, जिथे जन्मभर शून्य होतं, तिथे एक दिसला.

स्टेशनजवळच्या मिठाईच्या दुकानातून अर्धा किलो बर्फी घेतली आणि मुलुंड गाठलं. पेढे नाही घेतले. फरक पडला नव्हता, नियम म्हणजे नियम. सरांनी चष्मा लावून पडदा बघितला, चष्मा काढून बघितला, मग मला विचारलं, "एकच?"

"एकच, सर."

"जुळं नाही ना? नीट बघ."

"एकच आहे."

त्यांनी बर्फीचा तुकडा तोंडात टाकला. खूप वेळ चघळला. मग डाव्या हातावरचं घड्याळ काढून टेबलाच्या खणात ठेवलं आणि खण बंद केला. मी निघताना त्यांनी फक्त विचारलं, "तुझी मुलाखत?" मी म्हटलं, आणखी एक जागा सुटलीय, पुढच्या फेरीत आहे. त्या फेरीत ती जागा मला मिळाली. त्यात सरांचा काही हात नव्हता हे मी सगळ्यांना सांगते, आणि आई सोडून कुणी विश्वास ठेवत नाही.

पण ते पुढचं. बर्फीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दात घासत असताना, फोन वाजला.

"अगं, डब्यावर लिहिलंय अर्धा किलो."

"हो सर. अर्धाच घेतली."

"काल तू गेल्यावर तुकडे मोजून ठेवले होते, खाल्लेला एक धरून. आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले, खाल्लेल्याचं वजन वर मिळवलं. कमी भरतात. डबा धरून तोललं तर बरोबर अर्धा. कळतंय का तुला?"

मला कळत होतं. मला सगळं कळत होतं. मी ब्रश तोंडात धरून मनात ठरवलं की या माणसाशी आयुष्यात पुन्हा बोलायचं नाही.

ओपीडीला जाताना त्याच मिठाईच्या दुकानापुढे पाय थांबले. एक गरोदर बाई पाव किलो बर्फी घेत होती. दुकानदाराने पुठ्ठ्याचा डबा काट्यावर ठेवला आणि त्यात तुकडे टाकायला लागला.

"डबा बाजूला ठेवा आणि तोला," मी म्हटलं.

"मॅडम, सगळे असंच घेतात."

"माहीत आहे. डबा बाजूला ठेवा."

मागे रांग चुळबुळायला लागली. कुणीतरी विचारलं, किती वाजले, उशीर होतोय. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग दुकानाच्या भिंतीवरचं बघितलं, आणि मगच वेळ सांगितली.